विमानतळावरील बिनतारी इंटरनेट : जोडणी, ओळख आणि सावधगिरी

विमानप्रवास ही आता मोठ्या शहरांतील मोजक्या लोकांपुरती गोष्ट राहिलेली नाही. गोव्यात दाबोळीच्या जुन्या विमानतळाच्या जोडीला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून, तसेच इंदूर, ग्वाल्हेर व वडोदरा येथून विमाने सुटतात. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतुकीस प्रारंभ झाला. जहाजावर रुजू होण्यास निघालेला गोव्याचा खलाशी, आखाती देशातील नोकरीवर परतणारा कारागीर, परदेशी असलेल्या मुलीकडे प्रथमच निघालेले वृद्ध आईवडील, प्रशिक्षणासाठी दिल्लीस जाणारे शिक्षक अशी सर्व थरांतील माणसे आज विमानतळाच्या बाकांवर शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

यांपैकी बहुतेकांचे तिकीट मोबाईलमध्ये असते. विमानात चढण्याचा पास मोबाईलवर येतो, उतरल्यावर न्यावयास येणाऱ्या नातलगाचा निरोपही मोबाईलवरच येतो. त्यामुळे विमानतळावर इंटरनेट मिळणे ही चैनीची बाब न राहता प्रवासाचा एक भाग झाली आहे. विमानतळांवर ही सेवा बहुधा विनामूल्य असते आणि तिचे नाव ठळक फलकांवर लिहिलेले असते. तरीही कित्येक प्रवाशांना ती लाभत नाही, आणि ज्यांना चटकन लाभते त्यांपैकी काहींना ती फार महागात पडते. या दोन्ही अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण म्हणजे जोडणीच्या वेळी मोबाईलच्या पडद्यावर उघडणारे प्रवेशपान. हे पान काय आहे, ते कशासाठी असते आणि त्यास काय विचारण्याचा अधिकार आहे, हे समजून घेणे म्हणून अगत्याचे ठरते.

लहरींचा कारभार

वाय-फाय या नावाने ओळखली जाणारी योजना म्हणजे कमी पल्ल्याचे बिनतारी संदेशवहन होय. आकाशवाणीचे केंद्र शेकडो मैलांवर ऐकू येते. वाय-फायचा पल्ला मात्र एखाद्या शाळेच्या आवाराएवढा, आणि भिंती आड आल्या तर त्याहूनही कमी असतो. १९८५ साली अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने लहरींचे काही पट्टे नव्या पद्धतीच्या संदेशवहनासाठी विनापरवाना खुले केले. सूक्ष्मलहरींच्या शेगड्या आणि कारखान्यांतील व रुग्णालयांतील उपकरणे याच पट्ट्यांत आपला गोंगाट करीत असल्यामुळे ते तोवर जवळजवळ टाकाऊ समजले जात. पडीक म्हणून सोडून दिलेल्या या रानात पुढे चांगलेच पीक आले. १९९७ मध्ये अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ८०२.११ या क्रमांकाचे मानक निश्चित केले, १९९९ मध्ये त्याची अधिक वेगवान आवृत्ती आली, आणि त्यानंतर ही सोय संगणकात व पुढे मोबाईलमध्ये आपोआपच येऊ लागली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

विमानतळाच्या छतात, खांबांवर आणि फलकांच्या मागे लहान लहान प्रक्षेपक बसविलेले असतात. प्रत्येक प्रक्षेपक तारेने मुख्य यंत्रणेशी जोडलेला असतो आणि ती यंत्रणा पुढे इंटरनेटशी. मोबाईलच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या वाय-फायच्या रेषा केवळ मोबाईल आणि प्रक्षेपक यांमधील अंतर किती बरे आहे एवढेच सांगतात. पुढील मार्ग खुला आहे की नाही, याची ग्वाही त्या देत नाहीत. गावापासून फाट्यापर्यंतची सडक उत्तम असावी आणि पुढचा पूल वाहून गेलेला असावा, तशी ही स्थिती असते. ‘रेषा पूर्ण आहेत, पण इंटरनेट चालत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर येथेच आहे.

एका प्रक्षेपकाच्या कक्षेत असलेले सर्व मोबाईल एकाच लहरीवर बोलतात. म्हणून प्रत्येक यंत्राने आधी ऐकावयाचे आणि शांतता आढळली की मगच बोलावयाचे, असा नियम मानकातच घातलेला आहे. ग्रामसभेत दहाबारा माणसे असतील तर ही पद्धत सुरळीत चालते. परंतु विमानास दोन तास विलंब झाला आणि पावणेदोनशे प्रवासी एकाच दारापाशी बसून चित्रफिती पाहू लागले, म्हणजे बोलण्यापेक्षा पाळीची वाट पाहण्यातच अधिक वेळ जातो. त्यात माणसांची गर्दी ही स्वतःच अडथळा ठरते, कारण शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते पुष्कळ अधिक आहेत, परंतु त्या लहरी भिंतीतून तितक्या सहज पार जात नाहीत. अशा वेळी पडद्यावर बोटे आपटीत बसण्यापेक्षा दोन दारे ओलांडून रिकाम्या बाकावर जाऊन बसावे. बहुतेकदा एवढ्याने काम होते.

विनामूल्य सेवेमागील एक तंटा

ही सेवा फुकट असावी, असे आरंभी कोणी मानीत नव्हते. या संदर्भात अमेरिकेतील बोस्टन शहराच्या लोगन विमानतळावरील वाद उल्लेखनीय आहे. तेथे विमानतळ चालविणाऱ्या मॅसपोर्ट या प्राधिकरणाने वाय-फायसाठी प्रवाशांकडून दिवसाला ७.९५ डॉलर आकारण्याची व्यवस्था केली होती. त्याच विमानतळावर त्या काळच्या कॉन्टिनेन्टल एअरलाइन्स या कंपनीने आपल्या विश्रामकक्षात स्वतःचा प्रक्षेपक लावून आपल्या प्रवाशांस तीच सोय विनामूल्य देऊ केली. प्राधिकरणाने तो काढून टाकण्यास फर्माविले; सुरक्षा यंत्रणेच्या संदेशवहनास त्यामुळे व्यत्यय येईल, असे कारणही दिले. प्रकरण दळणवळण आयोगापुढे गेले आणि १ नोव्हेंबर २००६ रोजी आयोगाने निकाल विमान कंपनीच्या बाजूने दिला. खुल्या केलेल्या लहरींवर जागेच्या मालकास अशी बंदी घालता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

या निकालाचा लाभ प्रवाशांस झाला हे खरेच. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. विमानतळाच्या आवारात प्रक्षेपक लावणारा तेथील अधिकारीच असेल, असे लहरींच्या जगात गृहीत धरता येत नाही. उपाहारगृह, दुकान, विमान कंपनी, इतकेच काय, बाकावर बसलेला एखादा प्रवासीसुद्धा स्वतःचे जाळे निर्माण करू शकतो, आणि त्यास वाटेल ते नाव देऊ शकतो. नावाची नोंदणी कोठेही होत नाही. ही गोष्ट पुढे येणाऱ्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रवेशपान का अडते

मोबाईल नव्या जाळ्यात शिरला की प्रथम तो एका ठराविक पत्त्यावर छोटीशी विचारणा पाठवितो. अपेक्षित उत्तर परत आले, तर मार्ग मोकळा आहे असे तो समजतो. विमानतळाची यंत्रणा ही विचारणा मध्येच अडविते आणि तिच्या उत्तरादाखल आपले प्रवेशपान पुढे करते. उत्तर वेगळे आहे हे ओळखून मोबाईल ते पान पडद्यावर आणतो. तेथे मागितलेली माहिती भरली, अटी मान्य केल्या, म्हणजे यंत्रणा त्या मोबाईलचे नाव आपल्या वहीत लिहून घेते आणि ठरलेल्या अवधीपुरते दार उघडते.

हे सारे सुरळीत झाले नाही तर प्रवासी गोंधळतो, आणि बँकेचे किंवा टपालाचे संकेतस्थळ उघडून पाहतो. तेथे तर इशाराच झळकतो किंवा पडदा कोरा राहतो. याचे कारण सरळ आहे. अशी संकेतस्थळे आता कुलूपबंद मार्गाने चालतात. मधल्या कोणालाही त्यांचे उत्तर बदलता येत नाही, म्हणून विमानतळाच्या यंत्रणेलाही तेथे आपले पान घुसविता येत नाही. यासाठी जे संकेतस्थळ मुद्दाम बिनकुलपी ठेवलेले आहे ते उघडावे. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हे स्थळ नेमक्या याच कामासाठी चालविले जाते. ते लिहिताच अडलेले प्रवेशपान बहुधा समोर येते. मोबाईलमध्ये व्हीपीएन चालू असेल, अथवा पत्ते शोधण्याची खासगी व्यवस्था बसविलेली असेल, तर ती प्रवेश मिळेपर्यंत बंद ठेवावी. मोबाईलचे घड्याळ व तारीख चुकीची असली तरीही कुलूपबंद संकेतस्थळे उघडत नाहीत. परदेशातून येताना ही बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एवढे करूनही पान न आल्यास वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे.

ओळख का विचारली जाते

परदेशातील अनेक विमानतळांवर अटी मान्य करण्याचे बटन दाबले की सेवा सुरू होते. भारतात मात्र मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, त्यावर एकदाच चालणारा सांकेतिक आकडा, म्हणजे ओटीपी, येतो आणि तो भरल्यावरच दार उघडते. पुष्कळ प्रवाशांस ही उगाचची दगदग वाटते. तिच्यामागील इतिहास मात्र गंभीर आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या थोडाच वेळ आधी वृत्तसंस्थांना धमकीचा एक ई-मेल पाठविण्यात आला होता. तपास करता तो नवी मुंबईतील एका घरातील वाय-फायवरून पाठविला गेल्याचे आढळले. त्या वाय-फायला परवलीचा शब्द नव्हता. आसपास उभ्या असलेल्या कोणालाही त्यात शिरता येत होते. चौकशीचा रोख साहजिकच प्रथम त्या घरातील रहिवाशाकडे वळला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अशाच प्रकारे दुसऱ्यांची जोडणी वापरून आणखी ई-मेल पाठविले गेले. २३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख छायाचित्रासह असलेल्या ओळखपत्राने अथवा मोबाईलवरील संदेशाने पटवून घ्यावी आणि तिची नोंद जतन करावी, असा त्यांचा आशय होता. विमानतळावरील ओटीपी हा त्या सूचनांचा दृश्य परिणाम होय.

नियमाचा हेतू योग्य आहे, याविषयी दुमत असू नये. परंतु ज्यांच्यापाशी भारतीय सिमकार्ड चालू स्थितीत नाही, त्यांची त्यात कुचंबणा होते, हेही नाकारता येत नाही. वर्षानुवर्षे अमेरिकेत, इंग्लंडात वा कॅनडात असलेले मराठी कुटुंब मुंबईस उतरते. त्यांचा जुना भारतीय क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो, आणि परदेशी क्रमांकावर ओटीपी येईलच याचा भरवसा नसतो. बाहेर न्यावयास आलेला भाऊ कोणत्या दारापाशी उभा आहे, हे कळावयास मार्ग उरत नाही. मोठ्या विमानतळांवर पारपत्र दाखवून प्रवेशाचा आकडा देण्याची व्यवस्था माहिती कक्षात किंवा स्वयंचलित यंत्रावर केलेली असते. मात्र तिचा फलक सहसा वाय-फायच्या फलकाएवढा मोठा नसतो! म्हणून विचारण्यास संकोच करू नये. भेटीचे ठिकाण, दाराचा क्रमांक आणि वेळ आधीच ठरवून कागदावर लिहून घेण्याची जुनी पद्धतही मुळीच टाकाऊ झालेली नाही.

रेल्वे स्थानकांवरील सेवेचा कारभारही याच तऱ्हेने चालतो. मुंबई सेंट्रल स्थानकात ती जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल व गूगल यांच्या सहकार्याने सुरू झाली. गूगलने २०२० साली हा कार्यक्रम आवरता घेतला, परंतु रेलटेलने सेवा चालू ठेवली. ज्यांना विमानतळाचा योग लवकर येणार नाही, त्यांनाही ओटीपी आणि प्रवेशपान यांचा अनुभव तेथे घेता येतो.

दार नकली असेल तर

प्रवेशपानाची सवय झाली की माणूस ते वाचेनासा होतो. नेमक्या याच सवयीवर भामट्यांची नजर असते. ऑस्ट्रेलियात एप्रिल २०२४ मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत विमानात एक संशयास्पद वाय-फाय आढळले. त्यांनी ते कळविल्यावर केंद्रीय पोलिसांनी एका प्रवाशाच्या सामानातून सहज हातात मावणारा प्रक्षेपक, संगणक आणि मोबाईल हस्तगत केले. पर्थ, मेलबर्न व ॲडलेड या विमानतळांवर आणि विमानांतही तो अधिकृत सेवेच्या नावासारखेच नाव देऊन स्वतःचे जाळे पसरीत असे. त्यात शिरणाऱ्यास हुबेहूब वाटणारे प्रवेशपान दिसे आणि ते ई-मेलचा किंवा समाजमाध्यमाच्या खात्याचा परवलीचा शब्द मागे. प्रवासी तो भरीत, आणि तो थेट त्या माणसाच्या संगणकात जमा होई. पुढे त्या खात्यांत शिरून खासगी छायाचित्रे व मजकूर चोरल्याचे सिद्ध झाले आणि २०२५ साली न्यायालयाने त्यास सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा ठोठावली.

या प्रकरणात तांत्रिक चातुर्य फारसे नव्हते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्याने कोणतेही कुलूप फोडले नाही. प्रवाशांनी आपण होऊन किल्ली दिली, कारण विमानतळावर वाय-फायसाठी काहीतरी भरावे लागते एवढेच त्यांना ठाऊक होते. काय भरावे लागते, हे ठाऊक नव्हते.

भारतातील प्रामाणिक प्रवेशपान मोबाईल क्रमांक मागेल आणि त्या क्रमांकावर आलेला वाय-फायचा ओटीपी मागेल. फार तर नाव, ई-मेलचा पत्ता किंवा विमानाचा क्रमांक विचारील. ई-मेलचा परवलीचा शब्द, बँकेच्या कार्डाचा क्रमांक, पैसे पाठविताना वापरावयाचा पिन किंवा आधारवर आलेला ओटीपी यांची फुकटच्या वाय-फायला काहीही गरज नसते. तसेच कोणतेही अॅप उतरवून घेण्याची अथवा दूरवरून पडदा दाखविण्याची अट ते घालीत नाही. असे काही मागितले गेले, की ते पान तत्काळ बंद करावे. ओटीपीचा संदेश येतो तोही शेवटपर्यंत वाचावा. कशासाठी तो आकडा आहे हे त्यात लिहिलेले असते. वाय-फायच्या नावाखाली बँकेचा ओटीपी मागण्याचा डाव तेथेच उघडा पडतो. जाळ्याचे नाव मोबाईलच्या यादीवरून न निवडता भिंतीवरील फलकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे, शंका वाटल्यास कर्मचाऱ्यास विचारावे. एवढे करूनही नक्कल करणारा तेच नाव देऊ शकतो. म्हणून नावावर सगळा भरवसा न टाकता पान काय मागते याकडे लक्ष द्यावे.

येथे आर्थिक जबाबदारीचा प्रश्नही निगडित आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये फसवणुकीच्या व्यवहारांबाबत जे धोरण ठरवून दिले, त्यात ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्यास दिली असेल तर बँकेस कळवीपर्यंत झालेले नुकसान त्यानेच सोसावयाचे, असे म्हटले होते. मुलाने परदेशातून पाठविलेले वर्षभराचे पैसे ज्या खात्यात आहेत, त्या खात्याचा पिन एखाद्या पानावर भरून टाकणे किती महागात पडू शकते, हे यावरून दिसेल.

कुलूप, आणि कुलपाच्या मर्यादा

विमानतळाचे जाळे बहुधा खुले असते, म्हणजे मोबाईल व प्रक्षेपक यांमधील संभाषण मुळात गुप्त केलेले नसते. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील एका कार्यक्रमकाराने ‘फायरशीप’ नावाचे साधन जाहीरपणे प्रसिद्ध केले. खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात केवळ एका टिचकीने शिरता येते, हे त्याने दाखवून दिले. धोका नवा नव्हता, परंतु तो कोणालाही दिसेल असा समोर आल्यामुळे खळबळ उडाली. पुढील काही वर्षांत बहुतेक सर्व मोठी संकेतस्थळे प्रवेशापासून अखेरपर्यंत कुलूपबंद मार्गाने चालू लागली. त्यामुळे खुल्या वाय-फायवर कोणीही सर्व काही वाचू शकतो, हा जुना समज आज जसाच्या तसा खरा नाही. प्रवासी कोणत्या संकेतस्थळाशी बोलत आहे हे शेजाऱ्याला अनेकदा कळू शकते. काय बोलत आहे, हे सहसा कळत नाही.

तथापि कुलूप आहे म्हणून घर सज्जनाचेच आहे असे होत नाही. फसवी संकेतस्थळेही कुलूप लावतात. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारील कुलपाचे चिन्ह काढूनच टाकले, कारण लोक त्याचा अर्थ ‘विश्वासार्ह’ असा घेऊ लागले होते. पत्ता नीट वाचणे हाच उपाय. आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही, तरीही पुढे जायचे का’ असा इशारा आला, तर घाई कितीही असो, पुढे जाऊ नये.

भिंतीवर परवलीचा शब्द लिहून ठेवणाऱ्या उपाहारगृहातील वाय-फाय अधिक सुरक्षित असते, अशीही एक समजूत आढळते. जो शब्द सर्वांना ठाऊक आहे त्याचा आडोसा फारसा नसतो. २०१८ मध्ये आलेल्या नव्या मानकांत खुल्या जाळ्यातही प्रत्येक मोबाईलचे संभाषण वेगळे गुप्त करण्याची तरतूद आहे, पण प्रवाशाच्या मोबाईलमध्ये व विमानतळाच्या प्रक्षेपकात, दोहोंतही ती असेल तरच तिचा उपयोग होतो. सध्या तरी पैशाचे व्यवहार विमानतळाच्या वाय-फायवर न करता स्वतःच्या सिमकार्डाच्या इंटरनेटवरून करावेत, हे सर्वांत सोपे. आपल्याकडे ते इतके महाग नाही की पाच मिनिटांच्या कामासाठी जोखीम पत्करावी.

सीमेपलीकडे

परदेशी जाताना एक गोष्ट घर सोडण्यापूर्वीच करावी. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे याची खात्री करून घ्यावी. अन्यथा बँकेचा ओटीपी परक्या विमानतळावर पोचतच नाही, आणि कार्ड असूनही पैसे देता येत नाहीत. रोमिंग चालू ठेवून इंटरनेट मात्र वाय-फायचे वापरावे, अशी निवड मोबाईलमध्ये करता येते. रोमिंगवरील इंटरनेट बंद ठेवण्याचे बटन वेगळे असते.

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवांना परवाना लागतो. त्यामुळे दुबईत उतरलेल्या कामगाराचे व्हॉट्सअॅपवरील लेखी निरोप घरी पोचतात, पण त्यावरून बोलणे जमत नाही. घरच्यांना हे ठाऊक नसल्यास ते विनाकारण काळजीत पडतात. चीनमध्ये तर व्हॉट्सअॅप व गूगल या दोन्ही सेवा सर्वसाधारण जोडणीवर चालत नाहीत. तेथील बंदरात जहाजावर चढणाऱ्या खलाशांनी ई-मेलची दुसरी सोय आधी करून ठेवावी.

थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनाचे कागदी पत्रक बंद करून ते इंटरनेटवर भरणे सक्तीचे केले. ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचे असते आणि त्यास शुल्क नाही. ऐनवेळी विमानतळाच्या वाय-फायवर घाईघाईने शोध घेणाऱ्यास शुल्क उकळणारी दलालांची संकेतस्थळे प्रथम दिसण्याचा संभव असतो. पत्रक घरीच भरून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. तिकीट, विमा, मुक्कामाचा पत्ता यांच्याही प्रती मोबाईलमध्ये चित्ररूपाने साठवून ठेवल्यास त्या उघडण्यास इंटरनेट लागत नाही.

प्रवास संपल्यावर

विमानतळ सोडला तरी मोबाईल त्या जाळ्याचे नाव विसरत नाही. पुढे कधीही, कोठेही त्याच नावाचे खुले जाळे भेटले की ते ओळखीचे समजून तो आपण होऊन त्यात शिरू शकतो. म्हणून वाय-फायच्या यादीत जाऊन विमानतळाचे, उपाहारगृहाचे व हॉटेलचे नाव निवडावे आणि ते विसरण्याचा पर्याय दाबावा. वृद्ध आईवडिलांच्या मोबाईलवर हे काम घरातील मुलांनी करून द्यावे; शाळेत संगणकाचा तास घेणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ते एकदा प्रत्यक्ष करवून घेतल्यास अनेक घरांत ते आपोआप पोचेल.

चुकून परवलीचा शब्द कोठे भरला गेला असेल, तर तो दुसऱ्या, खात्रीच्या जोडणीवरून लगेच बदलावा आणि तोच शब्द इतरत्र वापरला असल्यास तेथेही बदलावा. खात्यातून पैसे गेले असतील तर प्रथम बँकेस कळवून कार्ड व खाते गोठवावे आणि विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या शासकीय संकेतस्थळावरही नोंदविता येते. तक्रार देताना विमानतळाचे नाव, बसल्याचे ठिकाण, वेळ आणि जाळ्याचे नाव जसे दिसले तसे लिहून द्यावे. प्रवेशपानाचे चित्र मोबाईलमध्ये टिपून ठेवले असेल तर तेही सोबत जोडावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी ती अडविता येणे शक्य असते, आणि त्यासाठी पहिले काही तासच हाताशी असतात.